भिंतीपलीकडचे सय्यद

ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये आमच्या अपार्टमेंटच्या भिंती इतक्या पातळ होत्या की आमच्या कुकरच्या शिट्ट्या पलीकडे ऐकू जात आणि पलीकडे चहात साखर ढवळल्याची टुणटुण आमच्याकडे येई. पलीकडे तीन माणसं राहायची. माझ्या वर्गातली मरियम, तिचे वडील आणि तिची आजी. आजीला ती बीबी म्हणायची. इराकमध्ये आजीला बीबीच म्हणतात. मरियमची आई सौदीच्या वाळवंटातल्या निर्वासितांच्या छावणीत तापाने गेली तेव्हा मरियम अगदी लहान होती, त्यामुळे तिला वाढवलं बीबींनीच. वडील इराकमध्ये पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते आणि इथे विमानतळावर टॅक्सी चालवायचे. त्यांचे लोक त्यांना अबू मरियम म्हणत, म्हणजे मरियमचे बाबा. आईला हे ऐकून फार बरं वाटलं होतं. "आपल्यासारखंच की गं. मला तरी इथं नावानं कोण ओळखतंय? मनूची आई, झालं."

आमचं घर ग्रीन कार्डच्या रांगेत उभं होतं. त्या रांगेबद्दल लिहायचाही मला आता कंटाळा येतो. बाबा चिप बनवणाऱ्या कारखान्यात होते, आणि घरातली प्रत्येक गोष्ट ग्रीन कार्डाच्या आधीची किंवा नंतरची असायची. नवा सोफा नंतर, भारतवारी नंतर, आईबाबांची मोठी भांडणंसुद्धा बहुतेक नंतरसाठीच राखून ठेवलेली. आईला डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. ती दिवसभर घरात असायची, बीबीही दिवसभर घरात असायच्या, आणि मधे ती भिंत. बाहेर इतकं ऊन की कण्हेरीशिवाय काही जगायचं नाही. दोघींची ओळख व्हायलाच हवी होती, पण ती जशी झाली तशी दुसऱ्या कुणाची झाली नसेल.

आईचं माहेर साताऱ्याकडचं. तिच्या गावात मोहरमला ताबूत बसायचे आणि त्यातल्या एका ताबुताला पहिला खांदा द्यायचा मान माझ्या आजोबांच्या घराण्याकडे होता. गावात मुसलमानांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी; ताबूत नाचवायला सगळं गाव. आईच्या लेखी मोहरम म्हणजे हलगी, वाघाची सोंगं, नवीन परकर आणि चोंगे. चोंगे म्हणजे गुळाच्या, वर खसखस लावलेल्या जाडसर पोळ्या. ते दुःखाचे दिवस असतात हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मरियम एकदा सहज म्हणाली की उद्या ती शाळेत येणार नाही, मोहरमची दहावी आहे, आणि मी ते घरी येऊन बोलले. आईचा चेहरा उजळला. या परक्या मुलखात आपल्या गावचा सण साजरा करणारं कुणीतरी भिंतीला भिंत लावून राहतंय, हे तिला इतके दिवस ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने ताटभर चोंगे केले, पिराचा रंग म्हणून हिरवी साडी नेसली, मलाही कुंकू लावायला लावलं, आणि आम्ही पलीकडची बेल वाजवली.

दार उघडलं तर आत हॉलभर बायका, सगळ्या काळ्या कपड्यांत, जमिनीवर बसलेल्या. कॅसेटवर एक पुरुष रडत रडत काहीतरी गात होता आणि बायका छातीवर हात मारत होत्या. आई दारात हिरव्या साडीत उभी, हातात चोंगे, आणि तिने हसून म्हटलं, "हॅपी मोहरम."

मरियमने डोळे मिटून घेतले. एका बाईने कॅसेट बंद केली. बीबी उठल्या. त्या ठेंगण्या होत्या, हनुवटीवर हिरवं गोंदण, अगदी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांसारखं. त्यांनी मरियमला काहीतरी विचारलं. मरियमने मला विचारलं, मी आईला विचारलं, आणि तिघींच्या मधून ते उत्तर फिरत फिरत बीबींपर्यंत पोचलं: हिच्या गावातले लोक मुसलमान नाहीत, तरी हुसेनच्या नावाने ताबूत उचलतात, हिच्या वडिलांचा पहिला खांदा असायचा. (आम्ही मुली आपसांत इंग्रजीच बोलायचो, पण ते सगळं मला आता मराठीतच आठवतं.) बीबींनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्यांनी ताट घेतलं, ते क्षणभर डोक्याला लावलं आणि आईला हाताला धरून आपल्या शेजारी जमिनीवर बसवलं. आई संपेपर्यंत बसली. कशासाठी रडतायत ते फारसं न कळताही ती रडली. तिला तेव्हा रडायला कारण लागायचं नाही. दुपारपर्यंत त्या लोकांना काही खायचं नसतं. दुपारनंतर बीबींनी पहिला घास चोंग्याचा खाल्ला असं मरियमने सांगितलं. संध्याकाळी ताट परत आलं ते हरिश्याने भरून. गहू आणि मटण घोटून केलेला, वर दालचिनी. रिकामं ताट परत द्यायचं नसतं हे दोघींनाही आपापल्या आयांनी शिकवलेलं होतं, त्यामुळे ते ताट पुढे कित्येक वर्षं थांबलंच नाही.

बीबींच्या खोलीत पलंगाशेजारी एका सैनिकाचा फोटो होता. तो हसन, त्यांचा थोरला मुलगा, मरियमचा काका. इराण आणि इराकची आठ वर्षं लढाई चालली होती तेव्हा सद्दामच्या फौजेने त्याला घरातून उचलून सीमेवर नेलं. तो निघाला तेव्हा बीबींनी त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे त्याच्या पाठमोऱ्या पावलांवर वाडगाभर पाणी ओतलं. जाणाऱ्याच्या मागे आईने पाणी ओतलं की तो परत येतो. हसन आला नाही, इराणच्या तोफांनी त्याला दलदलीत मारलं, आणि देहही मिळाला नाही. तेव्हापासून बीबींचा एकच मुलगा उरला होता, अबू मरियम. त्या घरातलं सगळं या एका वाक्याभोवती फिरायचं, हे मला पुढे कळलं.

चोंग्यांच्या त्या मोहरमनंतर आठवडाभरात अमेरिकेने इराकवर हल्ला केला. थोड्याच दिवसांत सद्दाम पडला, अबू मरियमनी संपूर्ण मजल्यावर बकलावा वाटला, आणि त्यानंतर एका रविवारी आमच्या हॉलमधलं गणपतीचं कॅलेंडर आपोआप खाली पडलं. पलीकडे कुणीतरी खिळा ठोकत होतं. खिळ्याचं टोक चक्क आमच्या भिंतीतून बाहेर आलं होतं. बाबा वैतागले. "भाड्याची भिंत आहे यार, डिपॉझिट कापतील." ते तक्रार करायला गेले आणि चहा पिऊन आले. "कुठल्यातरी मौलवींचा फोटो लावलाय," म्हणाले, "केवढा मोठा. काळी पगडी."

ते सय्यद. काळी पगडी म्हणजे प्रेषितांच्या वंशातले, एवढं मरियमने सांगितलं. सद्दामने त्यांच्या घरातली माणसं मारली होती. ते पळून शेजारी इराणमध्ये गेले, तिथेच त्यांनी आपला पक्ष काढला, स्वतःची फौज उभी केली, वीसेक वर्षं राहिले. छावणीतल्या वाळूत बसून अबू मरियम त्यांच्या कॅसेट ऐकत. बायको तिथेच गेली, आणि त्या दिवसांत आपल्याला वेडं होऊ दिलं नाही ते त्या आवाजाने, असं ते म्हणायचे. सद्दाम पडल्यावर सय्यद परत आले, हजारोंच्या गर्दीने त्यांचं स्वागत केलं, आणि बघता बघता कोण मंत्री होणार हे त्यांना विचारून ठरू लागलं. ते कुणाला विचारतात यावर मात्र दोन मतं होती. टीव्हीवरचे लोक म्हणायचे, इराणला. अबू मरियम म्हणायचे, ज्याने पडत्या काळात घर दिलं त्याच्याशी माणूस चांगलं वागतो, त्यात काय वाईट आहे?

बीबींना मात्र हसन मेला तेव्हा सय्यद इराणच्या तोफांच्या बाजूला होते, एवढं पुरेसं होतं. फोटो लागला त्या दिवसापासून त्यांनी हॉलमध्ये बसणं सोडलं. स्वयंपाकघरात स्टूल टाकून जेवायच्या. मुलगा हॉलमध्ये सय्यदांखाली, आई आत गॅसशेजारी, आणि मरियम मधल्या दारात ताट घेऊन उभी. आम्ही गेलो तरी तेच. आई बीबींबरोबर आत बसायची, बाबा बाहेर. "त्या फोटोने घराचे दोन तुकडे केलेत," आई म्हणायची. बाबा म्हणायचे, "तू त्यात पडू नकोस हं, आपली फाइल पेंडिंग आहे."

तरी पडलोच. इराकमध्ये सद्दामनंतरचं पहिलं मतदान झालं तेव्हा अमेरिकेतल्या इराक्यांनाही मत देता येत होतं, पण ॲरिझोनात केंद्र नव्हतं. कॅलिफोर्नियात जायचं, तेही दोनदा: आधी नाव नोंदवायला, मग आठवड्याने मत द्यायला. दुसऱ्या खेपेला अबू मरियमच्या गाडीने दगा दिला. बाबांनी नाक मुरडलं, फाइल आठवली, आणि आमची मिनीव्हॅन काढली. माणूस ते चांगलेच होते, फक्त आधी भ्यायचे आणि मग चांगले वागायचे. मी आणि मरियम मागे झोपलो. वाटेतल्या ब्लाइद गावच्या पेट्रोल पंपावर एका माणसाने बीबींच्या पायघोळ काळ्या अबायाकडे इतकं रोखून पाहिलं की आई मुद्दाम त्यांचा हात धरून बाथरूमपर्यंत गेली. मत देऊन बीबी बाहेर आल्या, बोट जांभळं. अबू मरियमनी हसत विचारलं, "सय्यदांना दिलंस ना?" बीबी म्हणाल्या, "मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलंय. ते तुला कशाला सांगू?" परतीच्या वाटेवर त्या ते बोट वर धरून बसल्या होत्या, शाई कुठे लागू नये म्हणून.

सय्यदांचा पक्ष जिंकला. त्या उन्हाळ्यात अबू मरियमना बोलावणं आलं. बसऱ्याला कालव्यांच्या खात्यात जागा होती, पक्षाला विश्वासातली माणसं हवी होती. टॅक्सी चालवून चालवून तो माणूस वाकला होता. आमच्या मागच्या कालव्याच्या काठाने ते बाबांबरोबर फिरायचे तेव्हा पाणी बघून अक्षरशः थांबायचे. जायचं त्यांनी ठरवलंच. मरियमचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं, म्हणून ती आणि बीबी इथेच राहणार. बीबींनी जाऊ नकोस असं म्हटलं नाही. मरियम मात्र जिन्यात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आजोबा गेले, काका गेला, मम्मी गेली. बीबीकडे आता बाबा एकटेच उरलेत, मनू. तिथे रोज बॉम्ब फुटतायत."

निघायची सकाळ. खाली मित्राची टॅक्सी उभी होती. आई वाटीत दही-साखर घेऊन गेली होती, कारण कुणीही कुठेही निघालं की ती दही-साखर घेऊन जातेच. बीबी स्वयंपाकघरात, दार लावून. अबू मरियम दाराबाहेर उभे राहिले, "यम्मा", म्हणजे आई, अशी हाक मारली, पुन्हा मारली. दार किलकिलं झालं आणि मरियम बाहेर आली, हातात पाण्याने भरलेला तांब्याचा वाडगा. तो तिने आईपुढे धरला.

"बीबी म्हणते, तुम्ही ओता. तिच्या हाताच्या पाण्याने एक परत आला नाही."

आई घाबरली. मी तिला तशी घाबरलेली नंतर फक्त एकदा पाहिली, बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी. "अगं, मी कोण? हे आईचं काम," ती म्हणाली. मी ते मरियमला सांगितलं, पण वाडगा तसाच पुढे. मग आईने पदर खोचला. अबू मरियमच्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि म्हणाली, "मनू, यांना सांग, आमच्यात जातो म्हणत नाहीत. येतो म्हणायचं." मी सांगितलं. त्या उंच, खांदे पडलेल्या माणसाने दही चाटलं आणि मराठीत म्हटलं, "येतो." मग ते जिना उतरले आणि आईने त्यांच्या मागे पायऱ्यांवर पाणी ओतलं. ॲरिझोनाच्या उन्हात ते गाडी वळायच्या आत वाळलं.

तेव्हापासून आमच्या घरी जे सुरू झालं त्याची मला आज गंमतही वाटते आणि थकवाही येतो. पाणी आईच्या हातचं होतं. म्हणजे आता अबू मरियमना परत आणणं हे आईचं काम झालं, असं आईने ठरवून टाकलं. जिला सातारच्या आमदाराचं नाव सांगता आलं नसतं, ती बाई रोज सकाळी पोहे फोडणीला टाकताना इराकच्या बातम्या लावायची. सय्यद कुणाला भेटले, कुणाशी बिनसलं, पुन्हा सीमेपलीकडे का गेले, सगळं तिला पाठ. सय्यद आणि अमेरिकन सरकार यांचं जमलं की ती गोड करायची, कारण मग सय्यदांच्या माणसांवरचा धोका कमी. सय्यदांची तब्येत बिघडली की हिचा गुरुवार कडक. "तुझा पक्ष कुठला झालाय कळत नाही," बाबा म्हणायचे. "अगं, पाण्याने कुणी परत येतं का?" आई म्हणायची, "नसेल येत. पण मी ओतलंय ना?" बॉम्बची बातमी आली की ती भिंतीला कान लावायची. पलीकडे चहाचा चमचा वाजला की हुश्श करायची. कुणी गेलं असतं तर चमचा वाजला नसता.

मला ते दिवस धड आनंदाचेही आठवत नाहीत आणि दुःखाचेही नाहीत. नुसती वाट पाहणं. इकडे ग्रीन कार्ड, तिकडे माणूस. आता माझ्या स्वतःच्या घरात, फ्रिस्कोत, मुलं विचारतात की आई तू बातम्या का बघत नाहीस. मी सांगते, माझ्या वाट्याच्या बघून झाल्या. सय्यदही वारले, त्याला बरीच वर्षं झाली. ती बातमी आईनेच मला फोन करून दिली होती, घरातलं कुणी गेल्यासारखी.

अबू मरियम परत आले ते आम्ही दोघी कॉलेजात जायला लागल्यावर. न कळवता आले. बारीक झाले होते, दाढी पांढरी. आईला बघून म्हणाले, "आलो." एवढंच मराठी त्यांनी वाटेत घोकलं असावं. कशासाठी आले ते त्यांनी दुसऱ्या दिवशी आईच्या आणि माझ्यासमोर स्वयंपाकघरात बीबींना सांगितलं, आणि मरियमने पाठीमागून हळूहळू इंग्रजीत. काम चांगलं होतं. कालवे खरोखर दुरुस्त होत होते, इराणच्या मदतीने. तिकडून एक इंजिनिअर आला, अदबीचा माणूस. जेवताना बोलणं निघालं आणि कळलं की तो तरुणपणी त्याच दलदलीत, त्याच वर्षी, समोरच्या बाजूला तोफेवर होता. त्याचाही एक भाऊ तिथेच गेला होता. कुणीतरी हे सय्यदांच्या कानावर घातलं. पुढच्या भेटीत सय्यदांनी सगळ्यांसमोर दोघांना बोलावलं, याचा हात त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, आता तुम्ही भाऊ. लोक रडले, फोटो निघाले. अबू मरियमही हसले.

"वाईट काही नव्हतं त्यात," ते म्हणाले. "तो माणूसही चांगला होता. पण मी हात दिला तेव्हा हसनचाही हात दिला. तो माझा नव्हता द्यायला. तो तुझा होता, यम्मा, आणि तुला कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर मला तिथलं जेवण जाईना."

सय्यद चुकले असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. एवढी माणसं मेल्यावर कुणीतरी कधीतरी हात हातात द्यायलाच हवे असतील. पण ते देणारा माणूस पगडी घालून वर बसलेला असतो आणि हात खालच्यांचे असतात. याहून जास्त शहाणपण मला त्या सगळ्यातून आलं नाही.

बीबींनी आईचा उजवा हात धरला, पाणी ओतलेला, आणि त्याचं चुंबन घेतलं. आई ओशाळली. "अहो, मी लहान आहे तुमच्याहून," असं म्हणत हात सोडवायला लागली, पण बीबींनी सोडला नाही. तसंच तिला धरून त्या हॉलमध्ये आल्या. सय्यद भिंतीवर होतेच. अबू मरियम चटकन पुढे झाले आणि त्यांनी फोटो काढायला हात उचलला.

बीबींनी नको म्हटलं. त्या फोटोच्या बरोबर समोर जमिनीवर बसल्या, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, आणि मान वर करून सय्यदांकडे पाहत त्यांच्याशीच बोलल्यासारखं दोन वाक्यं बोलल्या.

"काय म्हणाल्या?" आईने मला विचारलं. मी मरियमकडे पाहिलं. मरियमने सांगितलं.

"म्हणाल्या, तुमच्या बाजूने माझा एक ठेवून घेतला आणि एक परत दिला. राहा भिंतीवर, मला आता जेवायचंय."

आईने डोळे पुसले, त्याच हाताने डाव उचलला आणि त्यांना भात वाढला.